‘जवानांनीच त्याला झापलं’ : एका माजी सुभेदारांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सुभेदार साहेब, नमस्कार.

इराक-अफगाणिस्तानातून लिहिताना जनरलांवर टीका करणारा अमेरिकन युद्धवार्ताहर मायकेल योन, त्याच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही सविस्तर लिहिलंत, आणि राग न लपवता लिहिलंत, हे बरं केलंत. ज्यांच्या नजरेतून ती प्रतिक्रिया सुटली त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. लातुरात पंख्याखाली बसून युद्धावर लिहायला काही लागत नाही. योन हा गळ्यात कॅमेरा अडकवून फिरणारा माणूस, त्याने जनरलची लायकी काढावी हे शोभत नाही. शेवटी अमेरिकन जवानांनीच त्याला झापलं, त्यातच सगळं आलं. आणि असलं वाचून इकडच्या भरतीच्या पोरांच्या मनात साहेब लोकांबद्दल अढी बसते, म्हणून हा लेख काढून टाका.

लेख मी काढणार नाही. का, ते सांगतो.

आधी योन कोण ते पाहू. तो स्वतः अमेरिकेच्या स्पेशल फोर्सेसमध्ये होता. २००५ साली तो कुठल्याही मोठ्या वर्तमानपत्राच्या पगारावर नसताना इराकला गेला, वाचकांनी पाठवलेल्या पैशांवर राहिला आणि मोसुलमध्ये २४ व्या इन्फंट्री रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनबरोबर गल्लीबोळ फिरला. त्या ऑगस्टमध्ये बटालियनचे कमांडर एरिक कुरिला एका चकमकीत गोळ्या लागून कोसळले आणि पडल्या जागेवरून गोळीबार करत राहिले. जगाने पाहिलेले ते फोटो योनचे आहेत. हेच कुरिला पुढे अमेरिकेच्या सेंट्रल कमांडचे प्रमुख झाले. त्याच चकमकीत योनने रायफल उचलून स्वतः गोळ्या झाडल्या. पत्रकाराने हत्याराला हात लावायचा नाही, हा सैन्यासोबत राहण्याच्या करारातला नियम त्याने मोडला आणि ते मला आजही पटत नाही. पण हा माणूस लांबून बघणाऱ्यांतला नव्हता, एवढं तरी मान्य करा. तेव्हा जवान त्याला डोक्यावर घेत होते. आमची खरी गोष्ट कुणीतरी घरी पोचवतंय, असं त्यांना वाटायचं.

मग पाच वर्षांत काय बदललं? १ मार्च २०१० रोजी कंदाहार विमानतळाजवळ तर्नाक नदीच्या पुलावर आत्मघाती कारबॉम्ब फुटला. एक अमेरिकन सैनिक आणि काही अफगाण नागरिक मेले. योनने एकच प्रश्न लावून धरला : हा पूल सांभाळायची जबाबदारी कुणाची होती? त्या भागात अमेरिकन, ब्रिटिश, कॅनेडियन अशा सगळ्या फौजा होत्या, आणि जिथे सगळे असतात तिथे कुणाचं काय हे शोधायला वेळ लागतो. शेवटी त्याने कॅनडाचे ब्रिगेडियर जनरल डॅनियल मेनार्ड यांच्याकडे बोट दाखवलं. पाठोपाठ अफगाणिस्तानातले सर्वोच्च कमांडर जनरल स्टॅन्ली मॅक्क्रिस्टल यांना हे युद्ध झेपत नाही, असंही लिहिलं. एप्रिलमध्ये त्याचं सैन्यासोबत राहणं बंद झालं. आणि मग सैन्यातून निवृत्त झालेले, स्वतः लिहिणारे कितीतरी लोक त्याच्यावर उलटले. युद्ध चालू असताना कमांडरवर हल्ला करतोस, अर्धवट माहितीवर बोलतोस, बाहेर काढलं म्हणून सूड उगवतोस, असे आरोप झाले. दुसरीकडे त्याच्या बाजूने उभे राहणारे सैनिकही होतेच. तुम्ही म्हणता ‘जवानांनी झापलं’. निम्म्यांनी झापलं, निम्म्यांनी आभार मानले असं गणित मांडण्यात मला रस नाही. मला या रागाचं मूळ बघायचंय.

ते मूळ मला अमेरिकेत नाही, अहमदपूर तालुक्यातल्या आमच्या ओसरीवर सापडलं. आमचा एक चुलतभाऊ फौजेत होता. गावात फौजेतून आलेल्या प्रत्येकाला मेजर म्हणतात, हुद्दा काही का असेना. तसा तोही मेजर. सुट्टीवर आला की पितळी ताटात भाकरी कुस्करत तो रात्री उशिरापर्यंत बोलायचा. सुट्टी ऐन पेरणीत कशी नाकारली, साहेबाने कुठल्या रागात कुणाला कुठे पाठवलं, बूट कसे आले. सगळं मोकळेपणी. एकदा माझ्या तोंडून ‘तुमचे साहेब लोक म्हणजे...’ एवढंच निघालं, आणि त्याचा घास हातातच राहिला. म्हणाला, ‘ते आमचं आम्ही बोलू. तू नको बोलू.’ नंतर पाणी प्यायला आणि मळ्यातल्या मोटारीचा विषय काढला.

तुमची प्रतिक्रिया वाचताना मला त्याचाच आवाज ऐकू येत होता. हा राग मला खोटा वाटत नाही. गोळी चालू असताना माणूस शेजारच्याच्या आणि वरच्याच्या भरवशावर उभा असतो. तो भरवसा बाहेरच्याने हलवला तर त्याची किंमत त्याच रात्री आतल्याला मोजावी लागते, लिहिणाऱ्याला नाही. म्हणून जवान चिडतात, आणि ज्या साहेबाला ते स्वतः नावं ठेवतात त्याचीच बाजू घेऊन चिडतात. पण साहेब, चुलतभाऊ ओसरीवर जे बोलला त्यातलं काहीही खोटं नव्हतं. तो फक्त ते मला बोलू देत नव्हता.

आणि तो स्वतः कुठे बोलणार होता? राज्यघटनेच्या ३३ व्या अनुच्छेदाने सैन्यातल्या माणसाचे मूलभूत हक्क मर्यादित करायची मुभा संसदेला दिलीय, आणि आर्मी ॲक्ट १९५० च्या कलम २१ मध्ये ती उतरलीय. परवानगीशिवाय वर्तमानपत्राशी बोलायचं नाही, लिहायचं नाही. शिस्तीसाठी हे लागतं, मी त्याविरुद्ध नाही. पण याचा अर्थ असा की ज्याला सगळ्यात जास्त माहीत आहे त्याचं तोंड कायद्याने बंद आहे. मग बोलायचं कुणी? पंख्याखाली बसलेल्याने बोलायचं नाही, जवळ जाऊन बघणाऱ्यानेही बोलायचं नाही, जवानाने तर नाहीच नाही. मग उरतं कोण? ज्याने निर्णय घेतला तोच.

८ डिसेंबर २००४ ची गोष्ट सांगतो. इराकला निघालेल्या सैनिकांसमोर कुवेतमधल्या छावणीत अमेरिकेचे संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड उभे होते. टेनेसी नॅशनल गार्डचा, म्हणजे त्या राज्याच्या राखीव फौजेचा, एक जवान उठला आणि त्याने विचारलं की, आमच्या गाड्यांना चिलखत नाही म्हणून आम्ही कचऱ्याच्या ढिगातून लोखंडी पत्रे आणि फुटक्या काचा का शोधत बसायचं? छावणीत टाळ्यांचा कडकडाट झाला. रम्सफेल्ड म्हणाले, जी फौज आहे ती घेऊन युद्धाला जावं लागतं. नंतर बाहेर आलं की त्या तुकडीसोबत राहणाऱ्या एका वार्ताहराने हा प्रश्न तयार करायला मदत केली होती. झालं, वार्ताहराने जवानाला वापरलं असा आरडाओरडा सुरू झाला. पण टाळ्या कुणी वाजवल्या? तिथे जमलेल्या जवानांनी. आणि चिलखती गाड्यांच्या कंपनीने लगेच सांगितलं की महिन्याला ४५० ऐवजी ५५० गाड्या देता येतील. ती क्षमता आधीही होती, फक्त कुणी मागणी वाढवली नव्हती. टीकेने मनोबल खचतं म्हणणाऱ्यांनी त्या शंभर गाड्यांचा विचार करावा. चिलखताच्या गाडीत बसलेल्याचं मनोबल आणि पत्रा बांधलेल्या गाडीत बसलेल्याचं मनोबल सारखं नसतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता तुमच्या बाजूचं जे मला खरंच पटतं ते लिहितो. योन हळूहळू निर्णयावरून माणसावर घसरला. पूल कुणाच्या ताब्यात होता हा प्रश्न पक्का होता, त्याला उत्तर हवंच होतं. ‘हा जनरल नालायक आहे’ हे मात्र उत्तर नव्हे. पुढे मे २०१० मध्ये मेनार्ड यांना पदावरून काढलं, जूनमध्ये मॅक्क्रिस्टल यांनी राजीनामा दिला, आणि योनचे चाहते म्हणू लागले की बघा, तो म्हणत होता तेच झालं. तसं झालं नाही. मेनार्ड यांच्यावर हाताखालच्या महिला सैनिकाशी संबंधांचा आरोप होता, आणि त्याआधी हातातली रायफल चुकून उडाल्याबद्दल त्यांना ३,५०० डॉलरचा दंड झाला होता. मॅक्क्रिस्टल गेले ते एका मासिकात छापून आलेल्या शेरेबाजीमुळे. पुलाचा यात काहीही संबंध नाही. माणूस पडला म्हणून त्याच्यावरची प्रत्येक टीका आपोआप खरी ठरत नाही.

युद्ध चालू असताना काय सांगायचं नाही, हा तुमचा मुद्दाही रास्त आहे. त्यासाठी नियम आहेत आणि ते काटेकोर पाळायलाच हवेत. २००३ मध्ये इराकमध्ये सैन्यासोबत गेलेल्या पत्रकारांना पुढच्या मोहिमा, नेमकी ठिकाणं, घरच्यांना कळायच्या आधी मृतांची नावं, यातलं काही छापायची परवानगी नव्हती. आपण तर २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईत थेट प्रक्षेपणाचा परिणाम डोळ्यांनी पाहिला. म्हणूनच २०१५ पासून दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपणाला बंदी आहे, आणि ती योग्य आहे. पण कमांडो कुठल्या मजल्यावर उतरतोय हे सांगणं वेगळं, आणि कमांडो पोचायला इतका उशीर का झाला हे विचारणं वेगळं. पहिल्याने जीव जातो, दुसऱ्याने पुढच्या वेळचे जीव वाचतात. तुम्ही दोन्ही एकाच पोत्यात भरलीत.

जखमींना उचलणाऱ्या हेलिकॉप्टरचं प्रकरण तुम्ही प्रतिक्रियेत घेतलंच नाहीत. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच होतं. सप्टेंबर २०११ मध्ये कंदाहार प्रांतात एका रात्री स्फोटात जखमी झालेला सैनिक मदतीची वाट बघत होता आणि योन तिथे होता. अमेरिकन भूदलाची रुग्णवाहू हेलिकॉप्टरं वैद्यकीय खूण म्हणून लाल क्रॉस लावून, आणि म्हणूनच बंदुका न बसवता उडतात. धोक्याच्या जागी उतरायचं तर सोबत लढाऊ हेलिकॉप्टर लागतं. त्या रात्री हेलिकॉप्टर सोबतीसाठी थांबलं. तो सैनिक वाचला नाही. क्रॉस काढा, बंदुका लावा, असं योनने लिहिलं. ती हेलिकॉप्टरं चालवणारे वैमानिक आणि वैद्यक जवान दुखावले, आणि त्यांचं दुःख मला पूर्ण समजतं, कारण ते रोज जीव धोक्यात घालून उतरत होते. बंदुकांनी वजन वाढलं की उंचावर कमी जखमी उचलता येतात, हा लष्कराचा युक्तिवादही हवेतला नव्हता. लष्कराने क्रॉस कायम ठेवले.

पण याच विषयात एक निर्णय आधी झाला होता. इराकमध्ये जखमीला तासाभरात उपचारापर्यंत न्यायचं ठरलं होतं, अफगाणिस्तानात मात्र दोन तास चालत होते. २००९ मध्ये संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी विचारलं की हा फरक का, आणि यंत्रणेची कुरकुर बाजूला सारून तिथेही एक तासाची सक्ती केली. नंतरच्या अभ्यासात दिसलं की जखमीला पोचवायचा मध्यक वेळ (निम्मे जखमी त्याच्या आत पोचतात तो) ९० मिनिटांवरून ४३ मिनिटांवर आला आणि मृत्यूचं प्रमाण घटलं. दोन तास पुरेसे आहेत म्हणणारे लोकही अनुभवी होते, वर्दीतलेच होते. त्यांना प्रश्न विचारला गेला म्हणून पोरं जिवंत घरी गेली.

आणि हे फक्त अमेरिकेचं नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेत मांडलेल्या कॅगच्या अहवालात सियाचीन-लडाखसारख्या उंचीवरच्या जवानांसाठी बर्फाच्या चष्म्यांचा ६२ ते ९८ टक्के तुटवडा नोंदवलाय, आणि बूट वेळेत न घेतल्याने जुने दुरुस्त करून वापरावे लागल्याचंही. सैन्याने सांगितलं की ही जुनी स्थिती आहे, आता सुधारलीय. सुधारली असेल तर आनंदच आहे. पण कॅगला कुणी देशद्रोही म्हणालं नाही. उलट १९६२ च्या पराभवाचा हेंडरसन ब्रुक्स अहवाल १९६३ पासून सरकारने आजवर अधिकृतपणे खुला केलेला नाही. त्यातला काही भाग २०१४ मध्ये एका परदेशी पत्रकाराने इंटरनेटवर टाकला, तेव्हा आपल्याला वाचायला मिळाला. ज्या जवानांना तेव्हा सुती कपड्यात चीनच्या सीमेवरच्या नामका चू नदीच्या काठावर उभं केलं, त्यांच्या नातवंडांना तरी हे कळायला नको का?

राहिली भरतीची पोरं. ती मी रोज बघतो. पहाटे उदगीर रस्त्याला अंधारात रांगेने पळत असतात, कुणाच्या पायात बूट, कुणी अनवाणी, कडेला एकजण मोबाइलवर वेळ लावून ओरडत असतो. पूर्ण गुण हवेत तर सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत काढायचे असतात. यांच्या घरी पाच-सहा एकर कोरडवाहू आणि बँकेचं कर्ज आहे. माझा लेख वाचून त्यातला एकही पळायचं थांबणार नाही, तुम्हालाही ते माहीत आहे. यांच्यातलं कुणी उद्या बर्फात उभं राहील तेव्हा त्याच्या डोळ्यावर चष्मा असावा, यासाठी कुणी प्रश्न विचारला तर तो त्या पोराच्या बाजूचा माणूस आहे, विरोधातला नाही. हे मी मनापासून मानतो आणि म्हणूनच लिहितो.

तुमची प्रतिक्रिया लेखाखाली जशीच्या तशी राहील. एक विनंती आहे. तुम्ही आता निवृत्त आहात, आर्मी ॲक्ट तुम्हाला लागू नाही. गोपनीय काही नको, कुणा साहेबाचं नाव नको. तुमच्या नोकरीत वरून आलेला एखादा निर्णय, जो चुकीचा आहे हे खाली सगळ्यांना माहीत होतं आणि तरी पाळावा लागला, तो लिहून पाठवा. आणि एखादा असा, ज्याला तेव्हा शिव्या घातल्या आणि नंतर बरोबर निघाला, तोही. दोन्ही एकत्र छापतो.