आधी ब्रह्मपुरीचा पोसायडन बघा

लेख चांगलाय पण "1498 ला वास्को द गामा आला आणि युरोपचा भारताशी समुद्रमार्गे संबंध सुरू झाला" हे वाक्य अजिबात पटलं नाही. आमच्या कोल्हापुरात टाऊन हॉल म्युझियममध्ये येऊन बघा राव, पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली पोसायडनची ब्राँझची मूर्ती आहे, ग्रीकांचा समुद्रदेव, वीतभरसुद्धा नाही पण अंगाचा पीळ नि स्नायू एवढे जिवंत की बघत राहावं. सातवाहनांच्या काळातली, म्हणजे गामाच्या हजारेक वर्षं तरी आधीची. ती काय उडत आली? इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरच्या बंदरांतून रोमन व्यापाऱ्यांची जहाजं मान्सूनचा वारा पकडून आपल्या किनाऱ्याला यायची, चौल, कल्याण ही बंदरं त्यांना माहीत होती, आणि तिथला माल घाट चढून इथपर्यंत पोचायचा. शाळेत हे कुणी सांगितलंच नाही आम्हाला, याचं खरंच वाईट वाटतं.

गामाने आफ्रिकेला वळसा घालून रस्ता काढला, ते श्रेय त्याचंच. पण पुढे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मालिंदीहून कालिकतला तो आला ते मालिंदीच्या सुलतानाने दिलेल्या वाटाड्याच्या भरवशावर, तीनेक आठवड्यांत पोचला, आणि परत जाताना वाऱ्याचं गणित न बघता निघाला तर तेच अंतर कापायला चार महिने लागले, कितीतरी खलाशी स्कर्व्ही या रोगाने मेले. हिंदी महासागरातल्या नाविकांचं हे वाऱ्याचं ज्ञान लेखात एका ओळीतसुद्धा नाही, ते कृपया घाला.