मेडिकल दुकानाच्या मालकाचं उत्तर: फोडाला सुई का दिली नाही

राम कृष्ण हरी माऊली. तुमचा १ स्टारचा रिव्ह्यू वाचला, रात्रभर डोक्यातून गेला नाही. गर्दीत माझा आवाज चढला ते चुकलंच, मनापासून माफी मागतो. पण "फोड फोडायला साधी सुई मागितली तर हाकलून दिलं आणि महागाचं सामान गळ्यात मारलं" हे जे लिहिलंय ते फार लागलं हो.

त्या दिवशी पालखी पुण्याहून दिवेघाट चढून सासवडला मुक्कामी आलेली, ३० किलोमीटरच्या आसपास चाल, रात्री साडेदहालाही दुकानात रांग आणि आम्ही चुलते-पुतणे दोघंच. तुम्ही टाच दाखवली, बूट कोरे, मोजे पावसाने चिंब, फोड त्यानेच आले, आणि सुई नसेल तर शर्टाची पिन काडीवर तापवून फोडतो म्हणालात. शुगर आहे हे तुम्हीच सांगितलंत, रिव्ह्यूतही लिहिलंय. मग मी सुई देऊ कशी? वरचं कातडं हेच त्या फोडाचं झाकण असतं, ते निघालं की खालचं ओलं मांस उघडं पडतं, त्यात रस्त्याचा चिखल, आणि शुगरवाल्याच्या पायाची जखम चिघळली तर पायावरच बेतू शकतं. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. म्हणून तळावरच्या सरकारी आरोग्य पथकाकडे जा म्हणालो, तिथे ड्रेसिंग फुकट होतं. पैसेच काढायचे असते तर तिकडे पाठवलं असतं का?

सामान म्हणजे गॉज, कागदी चिकटपट्टी आणि बिटाडीनची छोटी ट्यूब, तिन्ही एमआरपीला, बिल तुमच्याकडे आहे. व्हॅसलीन तुम्ही मागितलं होतं, ते मीच परत ठेवलं, कारण ते चालायच्या आधी लावायचं असतं, फोड आल्यावर उपयोग कमी.

वडिलांच्या काळापासून वारीचे दोन दिवस आम्ही दुकान उशिरापर्यंत उघडं ठेवतो, दुकानाच्या पायरीवर ते वारकऱ्यांचे पाय कोमट पाण्याने धुवायचे. त्या पायरीवरून कोणाला हाकललं असं लोकांनी वाचावं याचं वाईट वाटतं, आणि खरं सांगतो, वर्षाची निम्मी ओळख आमची त्या दोन दिवसांवर आहे.

पुढच्या वर्षी एक माणूस जास्त ठेवायचं बघतो, बाहेर बाकडंही टाकू. स्टार वाढवा म्हणत नाही, सुईचं तेवढं वाक्य बघा. आणि टाच कशी आहे ते कळवा, लाली पसरत असेल, पू किंवा ताप असेल तर आजच डॉक्टरला दाखवा.