‘लिटरली’ची वाट कुणी लावली?

‘लिटरली या शब्दाची हल्लीच्या पोरांनी वाट लावली, २०१३मध्ये डिक्शनरीवाल्यांनीही हात टेकले आणि आता त्या शब्दाला एकमेकांच्या उलट दोन अर्थ आहेत: मूळचा ‘शब्दशः, खरोखर’ आणि नवा ‘अलंकारिक अर्थाने’’ अशी एक पोस्ट अधूनमधून फिरत असते. तिन्ही दावे कच्चे आहेत.

आधी पोरांचं बघू. फ्रान्सिस ब्रुक यांच्या १७६९च्या कादंबरीत देखण्या स्त्रियांच्या घोळक्यात येऊन पडलेला माणूस ‘लिटरली’ लिलीच्या फुलांत चरतो. मार्क ट्वेनचा टॉम सॉयर (१८७६) तर याहून मजेदार. कुंपण रंगवायचं काम तो इतर पोरांच्या गळ्यात मारतो, वर त्यांच्याकडूनच मोबदला उकळतो आणि दुपारपर्यंत ‘लिटरली’ संपत्तीत लोळू लागतो. संपत्ती कसली, तर पतंग, बारा गोट्या, मेलेला उंदीर, एका डोळ्याचं मांजराचं पिल्लू! तो शब्द काढून बघा, निम्मी गंमत जाते. ट्वेनला त्याचा मूळ अर्थ ठाऊक नव्हता, असं म्हणायची कुणाची छाती आहे?

२०१३चं म्हणाल, तर त्या वर्षी फक्त बातम्यांचा गदारोळ झाला. ऑक्सफर्डच्या कोशानं हा शब्दशः नसलेला वापर २०११मध्येच वेगळा नोंदवला होता, मेरियम-वेबस्टरच्या मोठ्या कोशात तो १९०९पासून आहे. आणि कोशकार लोक बोलतात ते टिपतात, परवाने वाटत नाहीत.

उलट अर्थाचा मुद्दा वरवर बिनतोड वाटतो. पण ‘हसून हसून मी लिटरली मेलो’ या वाक्यात ‘लिटरली’च्या जागी ‘अलंकारिक अर्थाने’ घालून बघा. वाक्यातली हवाच निघून जाते. म्हणजे शब्दाचा अर्थ उलटलेला नाही, तो फक्त जोर लावतोय. अलंकार ‘मेलो’मध्ये आहे. (‘अक्षरशः वेड लागायची पाळी आली’ म्हणताना आपण तरी काय करतो?) इंग्रजीत ‘व्हेरी’ही मूळचा ‘खरा’ अशा अर्थाचा, फ्रेंचमधून आलेला. तो केव्हाच ‘खूप’ झाला, त्याबद्दल कुणी पोस्ट फिरवत नाही.

लिहिताना मी स्वतः हा शब्द बहुतेक वेळा खोडतो. दर दुसऱ्या वाक्यात आला की त्याचा जोर उरत नाही. आणि दोन्ही अर्थ लागू पडतील तिथे तो टाळलेलाच बरा. ‘जहाज कंपनी लिटरली बुडाली’ वाचून शेअर बाजाराकडे बघायचं की समुद्राकडे?