लाल भोपळा, घारगे आणि शुगर: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई, तुमची कमेंट काल रात्री वाचली आणि लगेच उत्तर देता आलं नाही कारण आधी माझाच लेख परत नीट वाचावा लागला. तुम्ही लिहिलंय की "डायबेटिसवाल्यांनी लाल भोपळा बिनधास्त खावा असं तुम्ही म्हणता, त्याचा जीआय ७५ आहे, मी आईला आठवडाभर घारगे करून घातले आणि तिची शुगर वाढली, अर्धवट माहिती देऊ नका." (जीआय म्हणजे ग्लायसेमिक इंडेक्स, एखादा पदार्थ खाल्ल्यावर रक्तातली साखर किती चढते ते दाखवणारा आकडा.) राग अगदी बरोबर आहे. 'बिनधास्त' हा शब्द मी वापरायला नको होता, आज सकाळीच तो काढलाय. आईंना त्रास झाला त्याबद्दल मनापासून सॉरी.

पण भोपळ्यालाच दोषी ठरवू नका, कारण मग आई चांगली भाजी कायमची सोडतील. जीआय ७५ हा आकडा खरा आहे, फक्त तो मोजतात कसा ते बघा. ज्या पदार्थाचा जीआय काढायचा तो इतका खायला देतात की त्यातून ५० ग्रॅम कर्बोदकं पोटात जावीत. भोपळ्यात ९० टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, १०० ग्रॅममध्ये शरीराला मिळणारी कर्बोदकं जेमतेम ६ ग्रॅम, म्हणजे ५० ग्रॅम गाठायला ८०० ग्रॅमच्या वर भोपळा एका बैठकीत खावा लागेल, आणि आपण खातो किती तर वाटीभर भाजी, समजा १५० ग्रॅम, त्यात ९ ग्रॅम. सोबतच्या एका ज्वारीच्या भाकरीत याच्या तिपटीहून जास्त असतात! म्हणून डायबेटिसमध्ये नुसता जीआय बघून चालत नाही, ताटात किती आलं तेही बघावं लागतं.

आता घारगे. भोपळ्याचा कीस गुळात शिजवायचा, त्यात मावेल तेवढी कणीक मळायची आणि तेलात तळायचे. भोपळा त्यात नावालाच उरतो हो. गूळ म्हणजे बहुतेक साखरच, 'गूळ चालतो' हा समज आपल्याकडे घराघरात आहे आणि त्यानं फार नुकसान होतं. मी लेखात घारग्यांची रेसिपी त्याच परिच्छेदाखाली दिली होती, तिथे माझी चूक मोठी आहे, वाचणारा दोन्ही जोडूनच वाचणार ना. आता ती वेगळी केलीय आणि शुगर असलेल्यांसाठी नाही असं वर स्पष्ट लिहिलंय.

मी या भाजीच्या मागे एवढी का लागलेय ते सांगते. त्या केशरी रंगात बीटा कॅरोटिन असतं, शरीर त्याचं व्हिटॅमिन ए करतं, ते डोळ्यांना लागतं, कमी पडलं तर रातांधळेपणा येतो. गर जितका गडद तितकं ते सहसा जास्त. आणि ते तेलातुपाशिवाय नीट अंगी लागत नाही, त्यामुळे डाएट म्हणून नुसता उकडून खाण्यापेक्षा आपली मेथीदाणे-हिंगाची फोडणी घातलेली भाजी जास्त कामाची. आमच्या खान्देशात डांगर म्हणतात, अख्खं पिकलेलं डांगर घरात महिनोन्महिने टिकतं, परवडतंही, मग महागड्या पावडरींच्या मागे कशाला जायचं.

तुम्ही शेवटी सासऱ्यांच्या किडनीचं विचारलंय. १०० ग्रॅम भोपळ्यात साधारण ३४० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, निरोगी माणसाला ते चांगलंच, पण डॉक्टरांनी त्यांना पोटॅशियम कमी करायला सांगितलं असेल तर भोपळा आणि त्याच्या बिया दोन्ही विचारूनच द्या, माझ्या किंवा कुणाच्याही लेखावर जाऊ नका. हे मूळ लेखात नव्हतंच, तुमच्यामुळे घातलं. आणि एक, कच्ची फोड चाखून बघा, कडू लागली तर अख्खा भोपळा टाकून द्या, त्या कडवटपणानं विषबाधा होऊ शकते.

आईंसाठी एक करून बघाल का? घरी ग्लुकोमीटर असेल तर एक दिवस जेवणाआधी आणि जेवल्यावर दोन तासांनी शुगर बघा, जेवणात गूळ न घातलेली वाटीभर भोपळ्याची भाजी, एक भाकरी, डाळ. दुसऱ्या दिवशी तेच जेवण पण भाजी मेथीची किंवा दोडक्याची. गोळ्या-इन्सुलिन मात्र डॉक्टरांनी सांगितलंय तसंच चालू ठेवा. दोन्ही दिवसांचे आकडे इथेच लिहा, भोपळ्याच्या दिवशी बराच जास्त आला तर तेही मी लेखात टाकीन.