सर जमशेटजींची केवायसी

पासबुकात वडिलांचं पूर्ण नाव, आधारवर नुसतं आद्याक्षर. एवढ्यावरून बँकेनं परवा माझं खातं गोठवलं. पैसे माझे, आणि मी मीच आहे याचं प्रतिज्ञापत्रही मीच आणायचं!

काउंटरवरच्या मॅडम जेवायला उठल्या आणि मागच्या काकांना कंठ फुटला.

"नावाची भानगड? अहो, जमशेटजी जीजीभॉय बघा!"

"जेजे हॉस्पिटलवाले?"

"तेच. 1857 साली बॅरोनेट झाले. तिकडे उत्तरेत बंड पेटलंय आणि इकडे राणी मुंबईच्या पारशाला वंशपरंपरागत सरपद देतेय. पहिलेच हिंदी! दोन वर्षांत वारले. थोरले चिरंजीव कर्सेटजी. पण 1860 साली कायदाच केला, जो गादीवर येईल त्यानं जमशेटजी जीजीभॉय हेच नाव घ्यायचं. कर्सेटजींचे झाले जमशेटजी. मग मुलगा माणेकजी, तोही जमशेटजी. मग त्याचा भाऊ कावसजी..."

"जमशेटजी."

"बरोब्बर!"

"मग फॉर्मवर वडिलांचं नाव?"

"जमशेटजी."

"आजोबांचं?"

"जमशेटजी."

"आणि नॉमिनी?"

काका इतके खूश झाले की त्यांनी पुढच्या बाईंनाही वळवून हे ऐकवलं. पुढे मुंबईच्याच पेटिट या पारशी घराण्यानंही हाच कित्ता गिरवला म्हणे. मॅडम आल्या, मला म्हणाल्या, "वडिलांनाच घेऊन या सहीला." वडील हयात नाहीत म्हटल्यावर, "मग मृत्यूचा दाखला. त्यावर नाव पूर्ण हवं हं."

आमच्या एका अक्षराला ही तऱ्हा, आणि त्यांच्या अख्ख्या नावासाठी तेव्हाच्या राजधानीत, कलकत्त्याला, कायदा होतो! पण त्यांचा मिनिमम बॅलन्सही तसाच होता: 25 लाखांचे सरकारी रोखे आणि माझगाव कॅसल, ट्रस्टमध्ये कायमचे, पदवीचा थाट राखायला. मुळात बॅरोनेट ही चीज इंग्लंडच्या जेम्स राजानं 1611 मध्ये विकायलाच काढली. फौज पोसायची होती. 1,095 पौंड मोजा, सर व्हा, नंतर थोरल्याला द्या. एवढं करून तिथल्या संसदेत, लॉर्डांच्या सभेत, खुर्ची नाहीच. जमशेटजींनी पदवीला पैसे मोजले नाहीत, शाळा-दवाखान्यांना दिले. ते पैसे आले होते चीनला कापूस आणि अफू पाठवून. अफूचा विषय मी काढला तर काका म्हणाले, "धंदा होता हो तो," आणि पासबुक चाळू लागले.

मला खरा राग मात्र वेगळाच आहे. माहीमचा कॉजवे, म्हणजे माहीम-वांद्रे जोडणारा खाडीवरचा रस्ता, बांधायला कंपनी सरकारनं हात वर केले, तेव्हा अवाबाईंनी, म्हणजे जमशेटजींच्या पत्नीनं, दीड लाखावर रुपये दिले. पदवी फिरली मुलग्यांमध्येच. बाईंच्या वाट्याला आला लेडी जमशेटजी रोड. तिथंही नवऱ्याचंच नाव, आणि त्याला कुणी प्रतिज्ञापत्र मागितलं नाही.