रिसेप्टर चोवीस तास ‘ऑन’ ठेवा म्हणणाऱ्यांनो, हे वाचा

आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर फिरत असलेला फॉरवर्ड काल नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या माझ्या मावशीपर्यंत पोचला. तिला आमवात आहे, म्हणून लिहून राहिलो. फॉरवर्ड म्हणतो की गुळवेल आणि संत्र्याच्या सालीचा काढा घेतला की रोगाशी लढणाऱ्या इम्यून पेशींवरचे रिसेप्टर, म्हणजे सिग्नल पकडणारी प्रथिनं, चोवीस तास ऑन राहतात, आणि आमवाताच्या गोळ्या हेच रिसेप्टर मारतात, म्हणून त्या बंद करा. मावशी फोनवर विचारते, “काहून रे, थांबवू का गोळ्या?”

अजिबात नाही!

सगळ्यात घातक आहे ते ‘चोवीस तास ऑन’. टी-सेल (इम्यून पेशींचा एक प्रकार) असा सहजासहजी पेटत नाही, दुसऱ्या पेशीनं जंतूचा तुकडा दाखवावा लागतो, तो टी-सेलच्या रिसेप्टरला जुळावा लागतो, आणि वरून सीडी 28 नावाच्या रिसेप्टरला वेगळा सिग्नल मिळावा लागतो. काम सुरू झालं की सीटीएलए-4 आणि पीडी-1 हे रिसेप्टर ब्रेक लावतात, या ब्रेकच्या शोधाला 2018 चं नोबेल आहे. ही परवानगी डावलून थेट सीडी 28 ऑन केलं तर काय होते ते मार्च 2006 मध्ये लंडनमध्ये दिसलं. टीजीएन 1412 नावाचं औषध 6 धडधाकट तरुणांना दिलं, जंतू एकही नव्हता, तरी काही तासांत सहाही जण आयसीयूत, एकामागून एक अवयव बंद पडायला लागले. जीव वाचले, पण एकाच्या पायाची बोटं गेली. हे पाहिजे का घरोघरी?

आणि आमवातात तर आधीच ही इम्यून यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उठलेली असते, तिला अजून ऑन करायला सांगता? अबाटासेप्ट हे आमवाताचं औषध सीडी 28 ला मिळणारा सिग्नल अडवते, म्हणजे फॉरवर्डच्या बरोबर उलटं. मावशीची आमवाताची गोळी मेथोट्रेक्सेट तर रिसेप्टर मारतच नाही.

काढ्यानं रिसेप्टर ऑन होतात याला फॉरवर्डमध्ये पुरावा शून्य. उलट गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या लिव्हरला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये छापलंय, आणि मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यानं लिव्हर आधीच सांभाळायचं असते.

एक गोष्ट मान्य करतो, या गोळ्यांनी इन्फेक्शनचा धोका थोडा वाढतो. त्यासाठी ठरलेल्या रक्ततपासण्या आणि लसी आहेत, गोळ्या परस्पर बंद करणं नाही, त्यानं सांधे कायमचे वाकडे होऊ शकतात.

ज्यानं टाकला त्यानं ग्रुपवरून डिलीट करा, आणि कोणी गोळ्या थांबवल्या असतील तर आजच आपल्या डॉक्टरला फोन लावा.