स्टॅबिलायझेशन नसलेली झूम लेन्स बाद ठरवण्यापूर्वी

‘झूम लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप सावरणारी यंत्रणा) नसेल तर हातात धरून काढलेले फोटो हललेलेच येणार, तेव्हा अशी लेन्स घेऊच नये’ हा सल्ला नव्याने लेन्स घेणाऱ्याला हमखास मिळतो. त्याच्या पुष्ट्यर्थ दिली जाणारी कारणे मात्र तपासून पाहायला हवीत.

पहिले कारण असे की, स्टॅबिलायझेशनमुळे फोटो हलत नाही. वास्तविक ते फक्त हाताचा कंप सावरते. ५० मिमी फोकल लेन्थला (लेन्स दृश्य किती जवळ आणते त्याचे माप) जिथे एरवी हाताचा कंप दिसू नये म्हणून १/६० सेकंदाचा शटर स्पीड (शटर उघडे राहण्याचा वेळ) लागतो, तिथे चार स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे वेळ दुप्पट) स्टॅबिलायझेशनने १/४ सेकंदालाही भिंत किंवा मूर्ती स्पष्ट येऊ शकते. पण धावणारे मूल टिपायला १/५०० सेकंदाच्या आसपासच जावे लागते आणि त्या वेगाला ५० मिमीवर हाताच्या कंपाचा प्रश्न जवळजवळ उरतच नाही. आपला एखादा बिघडलेला फोटो पडद्यावर पूर्ण मोठा करून पाहावा. मागच्या जाळीसकट सगळेच एका दिशेने फरपटलेले दिसले तर हात हलला आहे. जाळीची तार न् तार स्पष्ट असून मुलाचा हात तेवढा पुसट असेल, तर शटर स्पीड कमी पडला आहे. मी माझे वाया गेलेले फोटो असे पाहिले, तेव्हा माणसांचे बहुतेक फोटो दुसऱ्या प्रकारचे निघाले.

दुसरे म्हणणे, स्टॅबिलायझेशन असलेली एफ/४ लेन्स ते नसलेल्या एफ/२.८ पेक्षा केव्हाही बरी (एफचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र मोठे). एफ/२.८ ला दुप्पट प्रकाश मिळतो, म्हणजे तेवढ्याच आयएसओला (सेन्सरच्या प्रकाश-संवेदनशीलतेला) १/६० चा १/१२५ होतो, आणि हा फायदा हात व माणूस दोघांच्याही हालचालीला लागू पडतो. कॅननने २०१२ साली २४-७० मिमी एफ/२.८ झूम लेन्सची दुसरी आवृत्ती स्टॅबिलायझेशनविना आणली आणि त्याच वर्षी २४-७० एफ/४ त्यासह जाहीर केली. दोन्हींची कामे वेगळी आहेत.

कॅमेऱ्याच्या बॉडीतच स्टॅबिलायझेशन असेल, तर लेन्समध्ये ते नसल्याचे फारसे अडत नाही.

लांब पल्ल्याच्या झूमबाबत मात्र हा सल्ला खरा आहे. १.५ पट क्रॉपच्या (म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान, ज्यावर ३०० मिमी ४५० मिमीसारखे वागते अशा) सेन्सरवर ३०० मिमीला हातात धरून किमान १/४५० सेकंद हवा, जो संध्याकाळी मिळत नाही; शिवाय एवढ्या फोकल लेन्थला बॉडीतले स्टॅबिलायझेशनही सहसा लेन्समधल्याइतके उपयोगी पडत नाही. अशा कामासाठी, तसेच हातात धरून व्हिडिओ काढण्यासाठी, स्टॅबिलायझेशन नसलेली लेन्स मीही सुचवणार नाही.